थांब्यावरचा तेविसावा माणूस

१

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका बसथांब्यावर उभे आहात. सकाळचे पावणेनऊ वाजलेत. बाकावर एक आजी बसल्यात. पुढ्यात त्यांचा वॉकर, मांडीवर डॉक्टरांच्या कागदांची पिशवी. आजींच्या लेकीनं निघताना फोनवर पाहून सांगितलंय, दवाखान्याला जाणारी चौदा नंबरची बस आठ बावन्नला येईल. आठ बावन्न होतात. नऊ होतात. सव्वानऊ होतात. आजी मान लांब करकरून रस्त्याच्या टोकाकडे बघतात. बस काही येत नाही. ती आठ चाळीसलाच निघून गेली आहे, आणि पुढची यायला अजून बराच वेळ आहे.

डॉक्टरांनी दिलेली वेळ टळली. पुढची वेळ मिळाली तीन आठवड्यांनंतरची.

आता सांगा, चूक कुणाची? बसची? बस वेळेवर होती. आजींची? त्या तर सात मिनिटं आधी येऊन बसल्या होत्या. मग फोनवरच्या त्या आठ बावन्नची?

गुरुवारी दुपारी आजींची लेक, म्हणजे गल्लीतल्या शिंपीणकाकू, गळ्यात मोजमापाची टेप तशीच लटकवून तरातरा वाचनालयात आली. आल्या आल्या तिनं फोन टेबलावर आपटला.

"हे बघा तुमचं 'बस कुठंय'! चौदा नंबरच्या सगळ्या वेळा बदलल्यात. एक नाही, दोन नाही, जाता-येताच्या मिळून चव्वेचाळीस!"

वाचनालयाच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन हातात घेतला. एकेक वेळ बोटानं वर सरकवत पाहिली. मग म्हणाल्या, "ही चूक नाही. हे कुणीतरी बसून केलंय. आणि आपल्यापैकीच कुणीतरी."

खोलीच्या कोपऱ्यात एक अकरा वर्षांची मुलगी पेन्सिलीला टोक करत होती. ते टोक तेवढ्यात कटकन मोडलं.

२

त्या मुलीला सगळे 'मोजणी' म्हणत. कारण ती मोजायची. जिन्याच्या पायऱ्या मोजायची, भिंतीवरच्या फरशा मोजायची, वर्गात बाई एका तासात किती वेळा 'समजलं का' म्हणतात तेही मोजायची. आणि दर बुधवारी संध्याकाळी ती बसथांब्यांवरची माणसं मोजायची.

तुम्ही म्हणाल, माणसं कशाला मोजायची? सांगतो. बसच्या कार्यालयानं आपल्या सगळ्या गाड्यांच्या वेळा सगळ्यांसाठी खुल्या करून ठेवल्या होत्या. कुणीही घ्याव्यात, कुणीही वापराव्यात, परवानगी नको की शुल्क नको. पण नुसत्या वेळांनी भागत नाही. थांबा रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे, तिथं सावली आहे का, चाकाची खुर्ची चढवता येते का, हे कार्यालयाला कुठून ठाऊक असणार? ते ठाऊक रोज उभं राहणाऱ्यांना. म्हणून वाचनालयात जमणाऱ्या मंडळींनी कार्यालयाच्या वेळा घेतल्या, त्यात आपली माहिती मिसळली आणि फोनवर दिसेल असं एक पान बनवलं. पान बनवलं संगणक-दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या दादानं. नाव दिलं शिंपीणकाकूनं: 'बस कुठंय'. कार्यालयाची एखादी वेळ चुकीची निघाली तर मंडळींपैकी कुणीही ती सुधारायची, आणि पानावर सुधारलेली वेळच दिसायची. त्यासाठी वाचनालयातल्या खिडकीपाशी एक संगणक होता. सगळ्यांना मिळून नाव एकच, 'वाचनालय', आणि पासवर्डही एकच, कारण शिंपीणकाकूला स्वतःचा पासवर्ड कधी आठवत नसे.

मोजणीला मोजायला शिकवलं ते चौकशीकाकांनी. काकांनी तीस वर्षं बस-आगाराच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. खिडकीत कुणी तोंड घालून "काका, चौदा?" म्हणायचा अवकाश, काका वर न बघता वेळ सांगत. दोन वर्षांपूर्वी ती खिडकी बंद झाली. तिथं आता पाण्याच्या बाटल्या विकायचं यंत्र आहे. काका मग वाचनालयात येऊन बसू लागले. वर्तमानपत्र वाचत आणि मोजणीला जुन्या गोष्टी सांगत.

"एक बस होती दुपारची," ते सांगत. "तिचा ड्रायव्हर शाळेची घंटा ऐकल्याशिवाय गाडी हलवायचाच नाही. छापलेली वेळ एक आणि धावणारी बस दुसरी! हे फक्त खिडकीवाल्याला ठाऊक."

त्यांनीच तिला तक्ता आखायला शिकवला. डाव्या रकान्यात थांबा आणि वेळ, उजव्या रकान्यात थांबलेली माणसं, खाली बेरीज. आणि एक नियम घालून दिला. "थांब्यावर आहे तो थांबलाय. का थांबलाय ते विचारायचं नाही. मोजायचं."

मोजणी आपल्या तक्त्याला कुणाला बोटही लावू देत नसे. बेरीज तर नाहीच नाही.

सगळं कसं छान चाललं होतं. मग चार महिन्यांपूर्वी पाहुणी आली.

३

पाहुणी म्हणजे मोजणीची मावसबहीण. मावशीला वर्षभराच्या कामासाठी लांब जावं लागलं, म्हणून लेकीला बहिणीकडे ठेवून गेली. मोजणीपेक्षा ती तीन महिन्यांनी मोठी. आईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तिला ताई म्हणायचं हं."

"तीन महिन्यांची कसली ताई?" मोजणी म्हणाली, आणि मनात तिचं नाव तिनं पाहुणी ठेवलं. पाहुणे परत जातात म्हणून.

पाहुणीला खिडकीजवळचा पलंग मिळाला. आई तिची वेणी आधी घालू लागली, "तिची आई जवळ नाही ना" म्हणून. ते एक वेळ मोजणीनं गिळलं. पण पाहुणी वाचनालयातही आली! आणि तिथं आठवड्याभरात तिनं काय करावं? मोजणीचे सहा महिन्यांचे तक्ते संगणकात भरले आणि एक बटण दाबलं. नकाशावर लाल ठिपके उमटले. जिथं गर्दी जास्त तिथं ठिपका मोठा.

"अगं बाई, किती सुंदर!" शिंपीणकाकू म्हणाली. दादानं तर शिट्टीच वाजवली.

सहा महिने उन्हात उभं राहून मोजलं कुणी, आणि सुंदर म्हणाले कुणाला! मोजणीच्या पोटात त्या दिवशी जे दुखायला लागलं ते थांबलंच नाही.

त्याहून वाईट झालं मागच्या रविवारी. काका कुणाला तरी सांगत होते, "चौदा ना? नऊ वीसला." पाहुणी संगणकावरून वळून म्हणाली, "नाही काका, ती आता नऊ चाळीसला आहे." म्हणाली ती साधेपणानं, पण सगळे हसले. दादा म्हणाला, "काका, तुमची खिडकी आता हिच्या हातात!" काकाही हसले. फक्त त्यांनी वर्तमानपत्र जरा जास्तच उंच धरलं.

नंतर बाकावर बसून मोजणी त्यांना म्हणाली, "तिला सगळंच येतं."

"येतं खरं," काका म्हणाले. "आता आपल्याला कोण विचारतो?"

दोघांनी मिळून एक सुस्कारा सोडला. मोजणीला तेव्हा फार बरं वाटलं होतं. पण ते सुखही पुरतं तिच्या वाट्याला आलं नाही. त्याआधी दोनदा तिनं पाहिलं होतं, सगळे पांगल्यावर पाहुणी आणि काका त्या संगणकापुढे डोक्याला डोकं लावून बसले होते. मोजणी आत शिरली की दोघं गप्प होत. म्हणजे काकासुद्धा आता तिचेच!

तर, गुरुवार दुपार. बाईंनी दादाला बोलावून घेतलं. दादानं आधी वेळा होत्या तशा केल्या, मग संगणकातली नोंद उघडली. कुठली वेळ कधी बदलली हे सगळं तिथं लिहिलेलं असतं.

"बुधवार," दादा वाचू लागला. "चार चाळीस ते चार बावन्न. याच संगणकावरून. नाव 'वाचनालय'. एकेक वेळ हातानं भरलीय बघा. एक भरली की पंधरा-सोळा सेकंदांनी दुसरी. मध्ये खंड नाही. सहा दहा, सात पाच, आठ बावन्न, नऊ वीस, अकरा चाळीस, बारा पंधरा, बारा पंचावन्न…"

"पुरे," बाई म्हणाल्या. त्यांनी हजेरीची वही उघडली. बुधवारी चारनंतर, त्या स्वतः बाहेर गेल्या होत्या तेव्हा, तिघांच्या सह्या होत्या. दादाची, काकांची आणि पाहुणीची.

शनिवारी अकरा वाजता बस-कार्यालयाच्या अधिकारीबाई यायच्या होत्या. 'बस कुठंय'ची माहिती थांब्याथांब्यांवरच्या फलकांवर लावायची की नाही, ते ठरवायला.

"शनिवारच्या आत," बाई म्हणाल्या, "मला त्या बारा मिनिटांत खुर्चीवर कोण होतं ते कळलं पाहिजे."

वहीत शेवटची सही होती पाहुणीची. आणि सहीपुढच्या 'कुठं बसणार' या रकान्यात तिनं लिहिलं होतं: 'संगणक'.

४

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बाईंनी एकेकाला विचारलं. ओरडून नव्हे. बाई पुस्तकांना कव्हर घालत होत्या आणि घालता घालता विचारत होत्या.

"मी साडेचारला आलो, पंखा बघितला, पाच मिनिटांत दुकानात," दादा म्हणाला. "आणि बाई, मला वेळा बिघडवायच्या असत्या ना, तर मी एका ओळीत चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस बदलल्या असत्या. एकेक भरत बसायला मी काय वेडा आहे?"

"मी त्या टेबलापाशी पेपर वाचत होतो," काका म्हणाले. "पाठ संगणकाकडे. आणि त्या यंत्राचं चालू करायचं बटण कुठं आहे, तेसुद्धा मला ठाऊक नाही हो."

पाहुणी शेजारीच उभी होती. हे ऐकून तिचे कान लाल झाले. मोजणीनं ते पाहिलं, आणि तिला वाटलं, चोराच्या मनात चांदणं पडलं असेल.

"तू किती वाजता उठलीस खुर्चीवरून?" बाईंनी पाहुणीला विचारलं.

"चार अडतीसला. घड्याळ बघितलं होतं."

"मग तुझ्यानंतर कोण बसलं?"

पाहुणीनं मान खाली घातली. "ते नाही सांगता येणार, बाई."

"माहीत नाही म्हणून?"

"माहीत आहे. पण मी कबूल केलंय, सांगणार नाही म्हणून."

"अगं, कबूल कसलं!" शिंपीणकाकू उसळली. "माझी आई तासभर उन्हात बसली! हिनंच केलं असणार. दुसरं कुणी असतं तर सांगितलं नसतं का हिनं? बाई, ही पोरगी मला उद्या इथं नको. एकतर ही, नाहीतर मी."

बाईंनी कव्हराची घडी बोटानं दाबली. "चार अडतीसनंतर तू कुठं होतीस?"

"समोरच्या थांब्यावर. बाकावर. पाच वाजेपर्यंत."

"बस पकडायला?"

"नाही," पाहुणी म्हणाली.

"कुणी पाहिलं तुला?"

"मला नाही वाटत."

बाई हळूच मोजणीकडे वळल्या. "बुधवारी तू मोजायला गेली होतीस ना? वाचनालयाच्या थांब्यावर किती वाजता होतीस?"

मोजणीनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. "चार सेहेचाळीसला. रस्त्याच्या पलीकडून मोजलं."

"मग? बाकावर कुणी होतं?"

खोलीत एवढी शांतता पसरली की भिंतीवरच्या घड्याळाची टकटक मोजता आली असती. मोजणीनं ती मोजली. एक, दोन, तीन…

"तक्ता घरी आहे," ती म्हणाली. "बघून सांगते."

५

तक्ता बघायची गरज नव्हती. तिला सगळं लख्ख आठवत होतं.

बुधवारी चार सेहेचाळीसला ती पलीकडच्या चपलांच्या दुकानाच्या सावलीत उभी होती. समोरच्या बाकावर पाहुणी बसली होती. दप्तर मांडीवर, पाय हलवत, रस्त्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीनं बघत. मोजणीला वाटलं होतं, हिनं आपल्याला पाहिलं तर 'मी पण येते मोजायला' म्हणेल. म्हणून तिनं भराभर रकान्यात 'एक' लिहिलं आणि खांबाआडून सटकली. पुढचे तीन थांबे मोजले, खाली बेरीज मारली आणि मागच्या गल्लीनं एकटीच घरी गेली.

आता तो तक्ता तिच्यापुढे होता. आठ थांबे. चार, दोन, शून्य, सहा, एक, तीन, पाच, दोन.

एक. त्या एका आकड्यात पाहुणीची सुटका होती. चार चाळीसपासून बावन्नपर्यंत खंड न पडता वेळा भरल्या जात होत्या, आणि चार सेहेचाळीसला पाहुणी रस्त्यावर होती. एकच माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही.

आणि नसलाच तो आकडा तर? तर शनिवारपासून वाचनालय पुन्हा पहिल्यासारखं. काका आपले. तक्ते आपले. 'किती सुंदर' आपलं.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "अगं, ताईला जेवायला हाक मार. आल्यापासून तोंड पाडून बसलीय, काय झालंय?"

ताईला! मोजणीनं खोडरबर उचललं. कागद जरासा चुरगळला. 'एक' गेला, तिथं तिनं 'शून्य' लिहिलं. मग तक्ता वहीत बंद करून ती जेवायला गेली. ताटातली पोळी तिनं किती तुकड्यांत खाल्ली ते मात्र तिला मोजता आलं नाही.

तुमच्यापैकी कुणी हुशार असेल तर त्याच्या एव्हाना लक्षात आलं असेल, मोजणी काय विसरली ते.

६

शनिवारी नऊ वाजता सगळे जमले. मोजणीनं तक्ता बाईंपुढे ठेवला. "शून्य," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

पाहुणीनं एकदा तिच्याकडे बघितलं.

"बघा!" शिंपीणकाकू म्हणाली.

बाईंनी तक्ता हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, आणि आपल्या शांत आवाजात मोठ्यानं वाचू लागल्या. "चार, दोन, शून्य, सहा, शून्य, तीन, पाच, दोन. किती झाले, दादा?"

"बावीस."

"खाली बेरीज लिहिलीय तेवीस." बाईंनी कागद खाली ठेवला. "एक माणूस जास्तीचा आहे. बेरीज चुकलेली दिसते."

"छे!" चौकशीकाका ताडकन म्हणाले. "मोजणीची बेरीज चुकायची नाही! मी शिकवलंय तिला. आकडे एकदा वरून, एकदा खालून मिळवते ती. बेरीज तेवीस असेल तर माणसं तेवीसच. वरचं काही तरी बघा, खालचं बरोबर आहे."

ते केवढ्या अभिमानानं बोलले! त्या अभिमानानंच मोजणीचा बांध फुटला.

"वरचं मी खोडलंय," ती म्हणाली. "काल. तिथं एक होता."

"कोण होतं?" बाईंनी विचारलं.

मोजणीनं एकदा काकांकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे.

"ताई," ती म्हणाली. "ताई होती बाकावर."

पाहुणीनं मान वर केली.

बाई मोजणीला रागावल्या नाहीत. "बस," एवढंच म्हणाल्या आणि स्टुलाकडे बोट दाखवलं. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. "म्हणजे खुर्चीवर दुसरं कुणीतरी होतं. दादा असता तर त्यानं एका ओळीत काम उरकलं असतं, हे मला पटतं. आता ह्या वेळा बघू. मला सारखं वाटत होतं, या वेळा आल्या कुठून? काहीतरी मनाला येईल ते भरलेलं नाही. ओळीनं आहे सगळं. सहा दहा, सात पाच, आठ बावन्न, नऊ वीस, अकरा चाळीस, बारा पंधरा…" त्या थांबल्या. चष्मा काढून पुसू लागल्या. "पुढचं अक्षर काही लागत नाही."

"बारा पंचावन्न," काका म्हणाले.

वर न बघता. तीस वर्षं म्हणाले होते तसे.

मोजणीला काकांची गोष्ट आठवली. शाळेची घंटा. धावणारी बस दुसरी.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि खणातून एक पिवळी पडलेली पातळ पुस्तिका काढली. "हे दोन वर्षांपूर्वीपर्यंतचं वेळापत्रक. नवा पूल झाला आणि रद्द झालं. माझ्या कुलपाच्या कपाटात होतं, किल्ली माझ्यापाशी. यातल्या चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस वेळा बुधवारी भरलेल्या वेळांशी जशाच्या तशा जुळतात. एकच जुळत नाही. इथं छापलंय बारा पन्नास."

"छापील चूक आहे ते," काका म्हणाले. "बारा पन्नासला गाडी सोडली तर शाळेची पोरं मागे राहायची. ड्रायव्हर घंटा होईपर्यंत थांबायचा. मी खिडकीवर सगळ्यांना बारा पंचावन्नच…"

वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"बुधवारी संगणकातही कुणीतरी बारा पंचावन्नच भरलंय, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "कागद न बघता, न चुकता, सोळा सेकंदांना एक. हे पुस्तिकेत नाही. संगणकात नव्हतं. हे फक्त खिडकीवाल्याला ठाऊक."

काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग आणखी एक घातली. ते अगदी लहान होईपर्यंत घालत राहिले.

"हिनं शिकवलं मला," शेवटी ते पाहुणीकडे बघून म्हणाले. "चोरून. मीच म्हटलं होतं, कुणाला सांगू नको, म्हातारा संगणक शिकतोय म्हणून हसतील. बुधवारी म्हणाली, आज एकट्यानं करून बघा काका, मी बाहेर बसते. मी सरावाला म्हणून माझ्या वेळा भरायला लागलो. काय सांगू तुम्हाला, बोटं आपोआप चालत होती! सगळ्या आठवत होत्या." ते थांबले. "आणि मग ते जतन करायचं बटण आलं. ते दाबलं की काय होतं, हेही तिनं शिकवलं होतं. मला ठाऊक होतं."

"मग दाबलंत कशाला?" शिंपीणकाकूचा आवाज चिरकला.

"वाटलं, एक दिवस घोळ होईल. लोक म्हणतील, काकांना विचारा. गुरुवारी सकाळी मी दवाखान्याच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो होतो, नव्या वेळांची चिठ्ठी खिशात घेऊन, येईल त्याला खरी वेळ सांगायला. तुझी आई दुसऱ्या थांब्यावर बसली असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं. खिडकीत बसणाऱ्याला समोर येईल तेवढाच माणूस दिसतो." त्यांनी पाहुणीपुढे हात जोडले. "आणि तू काल एवढं ऐकून घेतलंस, पण तोंड उघडलं नाहीस. मी मात्र बटण कुठंय तेसुद्धा ठाऊक नाही म्हणालो. लाज वाटते मला."

"मी आज सांगणार होते," पाहुणी पुटपुटली. "म्हणजे… तुम्ही सांगाल, असं वाटत होतं."

मग शिंपीणकाकूनं गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत विचारलं, "आईला दवाखान्यात लवकरची वेळ कोण मिळवून देणार?"

"मी," काका उठून उभे राहिले. "आधी अधिकारीबाईंना सगळं मीच सांगतो. मग तिथून थेट दवाखान्यात जातो. तिथल्या चौकशीच्या खिडकीपुढे वेळ मिळेपर्यंत उभा राहीन. खिडकीच्या बाहेरून कसं वाटतं तेही कळेल."

शिंपीणकाकू हसली नाही. पण तिनं आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

७

अधिकारीबाई अकराला आल्या आणि बाराला गेल्या. त्यांनी काकांचं सगळं ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या, कुणाला शाबासकी दिली नाही. ज्याचं त्याचं वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड करा म्हणाल्या, आणि तीन महिने फक्त दहा फलकांवर लावून बघू म्हणाल्या. शिंपीणकाकूनं आपला पासवर्ड लगेच टेपच्या मागं लिहून ठेवला.

या गडबडीत बाईंनी मोजणीला तक्ता परत दिला. "हा माझा नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

मोजणीनं शून्य खोडलं. कागद त्या जागी इतका पातळ झाला होता की उजेड आरपार दिसत होता. तिनं तिथं जपून 'एक' लिहिला आणि बाहेर आली.

समोरच्या थांब्यावर, त्याच बाकावर ताई बसली होती. मांडीवर दप्तर. मोजणी रस्ता ओलांडून गेली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा होती.

एक बस आली आणि गेली. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"बुधवारी कशाला बसली होतीस इथं?" मोजणीनं विचारलं. तसं विचारायचं नसतं, नियमच होता. पण विचारलं.

"तू मोजणी संपवून इकडून येशील असं वाटलं," ताई म्हणाली. "मिळून घरी जाऊ म्हणून."

मोजणीनं वहीची दुमडलेली कड सरळ केली. मग सरकली. मधली जागा एका माणसाची झाली, मग अर्ध्या माणसाची. तिनं वही उघडून नवा तक्ता आखला. थांबा: वाचनालय. वेळ: बारा दहा. थांबलेली माणसं: दोन.

पुढचे सात थांबे अजून मोजायचे होते. ती उठली. आणि मग तिनं आजवर जे कुणासाठी केलं नव्हतं ते केलं. वही आणि पेन्सिल तिनं पुढं केली.

"मी आकडे सांगते, तू लिही," ती म्हणाली. "आणि ताई, शेवटी बेरीज तूच कर. एकदा वरून, एकदा खालून."